कन्हानचं पाणी आणि निघून गेलेला समुद्र

“झाकन घट्ट लाव वं सुभद्रा. अन् दुसरं पाणी यात घालू नको. समुद्राले तूच आपल्या हातानं वाहा.”

खाटेवरून गोपिकाबाई सुनेला हे सांगत होत्या, तेव्हा मी सुनेच्या मांडीवर होतो.

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे, फिरकीच्या झाकणाचा. नागपूरच्या महाल पेठेत घडलो, वऱ्हाडांबरोबर गावोगाव हिंडलो. माझ्यातल्या गार पाण्याचं फार कौतुक व्हायचं. आता प्लास्टिकच्या बाटल्या आल्या नि मी माळ्यावर हिरवा पडतो आहे. कधी चिंच लावून घासाल का? मी अजून लख्ख होतो.

तर, सुभद्राचे यजमान रुपराव लहानपणी तापानं फणफणले होते. तेव्हा त्यांची आई, गोपिकाबाई, खाप्याच्या घाटावर कन्हान नदीला नवस बोलली होती, “पोरगं वाचू दे, तुह्यं पाणी समुद्राले नेऊन घालीन.” पोरगं वाचलं. पण आईचे पाय थकले. म्हणून चौऱ्याहत्तरच्या माघात सुभद्रा निघाली. पाणी वाहीपर्यंत ती नुसत्या दूध-केळ्यांवर राहणार होती.

“नदी तं आपल्या पायानंच समुद्राले जाते,” रुपराव हसले. “आपन तिले एसटीनं काहून नेऊन राहिलो?”

“तुम्ही वाचले म्हणून.”

आगगाडी झाली, दोन एसट्या झाल्या. तांबड्या घाटात मी विचार करत होतो, समुद्र फुटाळा तलावाहून केवढा मोठा असेल? त्याला पायऱ्या असतील का?

डोंगरांच्या कवेत रस्ता संपला. आणि तिथं समुद्रच नव्हता! ओल्या वाळूत होड्या कलंडल्या होत्या. पाण्याची रेघ पार लांब चमकत होती.

“कोठी गेला वं समुद्र?” रुपराव कावरेबावरे झाले. आमच्याकडचं तळं असं उठून जात नाही.

जाळं विणणारी कोळीण खळखळून हसली. “ओहोटी हाय, दादा. सांजंला येईल परत.”

आलो तीच एसटी अर्ध्या तासात परत सुटणार होती. दुसरी उद्या. ही चुकली की नागपूरची गाडीही चुकणार, आणि घरी आजारी गोपिकाबाई वाट बघत होत्या.

“इथंच घाल ना,” रुपराव म्हणाले. “मायले तिकडून काय दिसते?”

“मले दिसते ना,” सुभद्रा हळूच म्हणाली.

कोळणीचं हसू थांबलं. “खडकाच्या अंगानं जा, बाय. गाळात पाय रुततो.”

सुभद्रानं चपला काढल्या, लुगडं वर खोचलं. मागं एसटीचा भोंगा वाजला, तसे रुपराव एसटीतल्या पिशव्या उतरवून घ्यायला धावले. तिनं वळून पाहिलं नाही. मला छातीशी धरून ती त्या लांबच्या रेघेकडं चालू लागली.