वर जायचे वीस तेत्री

मित्रांनो, मी तिबिलिसी शहरातल्या एका नऊ मजली इमारतीतली जुनी लिफ्ट आहे. खाली यायचे मी पैसे घेत नाही. वर जायचे असेल तर माझ्या आतल्या भिंतीवरच्या लोखंडी पेटीत वीस तेत्रींचे नाणे टाकावे लागते. शंभर तेत्रींची एक लारी होते आणि एका लारीत भट्टीवरचा ताजा पाव मिळतो. म्हणजे पाच वेळा वर गेलात की एक पाव गेला. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हा हिशोब पाठ आहे.

मी आले तेव्हा मला पेटी नव्हती. दूर उत्तरेकडच्या कारखान्यात मला बनवले आणि आगगाडीने इथे आणले. ज्या आठवड्यात मी सुरू झाले, त्याच आठवड्यात आठव्या मजल्यावर एक नवे जोडपे राहायला आले. अंबाको ट्रॉलीबस चालवायचा. लामारा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिचे शिवणयंत्र माझ्यात चढवले, तेव्हा दोघांना एकत्र उभे राहायला जागा उरली नाही. ती यंत्राशेजारी राहिली. तो जिन्याने पळत सुटला आणि माझ्या आधी आठव्यावर पोहोचला. माझे दार त्यानेच ओढले. तो इतका धापा टाकत होता की तिला हसू आवरेना. तेव्हा लोक माझे कौतुक करत. मुले उगाचच वर-खाली करत आणि कोणी त्यांना रागवत नसे.

मग वाईट वर्षे आली. वीज गेली. दोन हिवाळे मी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लटकून होते. माझ्या मोटारीतली तांब्याची तार कोणीतरी काढून नेली आणि विकून बहुधा रॉकेल घेतले. त्या माणसाला मी दोष देत नाही, थंडी फार होती. वीज परत आली तेव्हा सरकार म्हणाले, इमारत तुमची, लिफ्टही तुमची, आता तुमचे तुम्ही बघा. दुरुस्तीचा खर्च भागवायला पेटी बसवली. आधी पाच तेत्री, मग दहा, मग वीस.

तेव्हापासून माणूस माझ्यात शिरला की नाणे टाकतो आणि महागाईवर बोलू लागतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत गॅसचा दर होतो, सहाव्यापर्यंत औषधे होतात, आणि नवव्यावर जाणारा असेल तर सरकारही बदलून होते. मला वाटायचे, इतकी सगळी माणसे इतक्या गोष्टींवर एकमताने बोलतात, तर काहीतरी नक्की होईल.

लामाराचे हृदय दुबळे झाले ते दोघे निवृत्त झाल्यावर. डॉक्टरांनी सांगितले, जिना अजिबात चढायचा नाही. पेन्शनमधून औषधे, गॅस आणि जेवण भागवून जे उरे, त्यात दिवसाला तिची एकच फेरी बसत असे. अंबाको एकटा असला की जिन्यानेच जायचा. लामाराला दुसऱ्यांदा बाहेर जावे लागले, तर परत आल्यावर ती खाली टपालपेट्यांपाशी थांबायची. एका नाण्यात मी चार माणसे नेते. वर जाणारा कोणी आला की ती त्याच्याबरोबर चढायची. कधी अर्धा तास थांबायची. विणकाम बरोबर असायचे.

ऑक्टोबरात एक मुलगी कागदांची फाइल घेऊन आली. तिचे नाव तामता. लोकांची मते गोळा करणे हे तिचे काम होते. माझ्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत तिने पाच-सहा जणांना गाठले. पेन्शन वाढावी का, औषधांचे दर सरकारने ठरवावेत का, बसचे भाडे वाढले तर चालेल का, असे एकेक विचारत ती शेवटी म्हणाली, "वृद्धांना आणि आजाऱ्यांना लिफ्ट मोफत असावी. पूर्ण सहमत, काहीसे सहमत, की असहमत?"

"पूर्ण!" दुसऱ्या मजल्यावरचा बोंदो गरजला. त्याचे टायरचे दुकान आहे आणि आवाजही तसाच आहे. "त्याच्या वर काही असेल तर ते लिही."

"त्याच्या वर काही नाही, काका."

"मग दोनदा लिही!"

सगळे हसले. सहाव्या मजल्यावरची इझोल्दा इमारतीची अध्यक्ष होती. ती पुढे झाली. "आपली म्हातारी माणसं अशी जिना चढतात, लाज वाटायला पाहिजे आपल्याला. मोठ्या अक्षरात लिही, पोरी."

टपालपेट्यांपाशी लामारा उभी होती. मुलीने तिलाही विचारले. लामाराने जरा विचार केला. "काहीसे सहमत," ती म्हणाली.

वर जाताना अंबाकोने तिला विचारले, "काहीसं का गं?"

"आपल्याच फायद्याचं आहे ना. पूर्ण कसं म्हणू?"

महिन्याभराने वर्तमानपत्रात निकाल आला. शंभरातली एक्क्याण्णव माणसे पूर्ण सहमत होती. बोंदोने तो माझ्या दारासमोर मोठ्याने वाचून दाखवला, जणू आमची इमारत सामनाच जिंकली होती.

डिसेंबरात पालिकेने कळवले: लिफ्टचा निम्मा खर्च आम्ही उचलतो. उरलेला निम्मा सगळ्या घरांनी सारखा वाटून घ्यावा. महिन्याला घरटी दीड लारी येईल. मग पेटी काढून टाकू. मात्र छत्तीस घरांपैकी चोवीस घरांच्या सह्या हव्यात.

इझोल्दाने तिथेच, माझ्या समोर, सभा बोलावली. मला आनंद झाला. एक्क्याण्णव टक्के म्हणजे किती घरे, ते मी मनातल्या मनात मोजतही होते.

"मी राहतो दुसऱ्या मजल्यावर," बोंदो म्हणाला. "या लिफ्टमध्ये शेवटचा कधी बसलो? सोफा आणला तेव्हा! मी कशाला भरू?"

"तू तर पूर्ण सहमत होतास," अंबाको म्हणाला.

"अहो काका, होतो काय, आहेच! आजही आहे. सरकारनं द्यावी की मोफत. मी सरकार आहे का?"

"दीड लारी, बोंदो. एक पाव आणि वर थोडंसं."

"दीड लारीचं नाही, तत्त्वाचं आहे."

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरच्यांनाही एकाएकी तत्त्व आठवले. इझोल्दा म्हणाली, "मी सही करते, पण आधी इतरांनी करावी. अध्यक्षांनी पहिली सही केली तर दबाव आणल्यासारखं दिसतं."

अंबाकोने टोपी काढून हातात घेतली. बायकोचे नाव घ्यायची त्याला लाज वाटत होती. "काही घरांत आजारपण आहे," एवढेच तो बोलला.

"काका, सगळ्यांना दिसतं की," बोंदो हसत म्हणाला, "काही जण दुसऱ्याच्या नाण्यावर रोज वर जातातच. त्यांना अजून किती मोफत पाहिजे?"

तो वाईट माणूस नाही. त्याला टाळी घ्यायची सवय आहे, आणि त्याने ती घेतली. सगळे हसले. लामाराही हसली, टपालपेट्यांपाशी उभी राहून.

नऊ सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून लामारा कोणासाठी थांबली नाही. दुसऱ्यांदा बाहेर गेली की ती जिन्याने चढायची. अंबाकोला सांगायची, "इझोल्दा भेटली, तिच्याबरोबर आले." मित्रांनो, हे फक्त मला ठाऊक होते. जिना माझ्या भिंतीला लागूनच आहे. तिची पावले मला ऐकू यायची. प्रत्येक मजल्यावर ती माझ्या बंद दाराला तळहात टेकवून उभी राहायची. मी बऱ्याचदा तिथेच, दाराच्या पलीकडे असायचे. रिकामी. मला चालायला नाणे लागते, आणि दार उघडायला कोणाचा तरी हात. माझ्या मनाने मी एक मजलासुद्धा हलू शकत नाही.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती औषधे आणि कांद्याची पात घेऊन आली. सहाव्या मजल्यावर तिचा हात दाराला लागला आणि खाली घसरत गेला.

इझोल्दाने आपल्या घराचे दार उघडले आणि ती किंचाळली. लोक धावले. बोंदो खालून चार मजले पळत आला. अंबाको वरून आला. डॉक्टर येऊन गेले. मग तिला घरी न्यायचे ठरले. खुर्चीवर बसवून तिला माझ्यात आणले. अंबाकोने तिचे डोके आपल्या पोटाशी धरले होते. मी हलेना, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. बोंदोने खिसा चाचपला, वीस तेत्रींचे नाणे काढले आणि पेटीत टाकले.

मी तिला वर नेले.

आमच्याकडे माणूस गेले की चार दिवस घरी ठेवतात आणि रोज संध्याकाळी लोक भेटायला येतात. आठ मजले चढून कोण येणार? इझोल्दाने त्याच संध्याकाळी कागद घेतला आणि दारोदार फिरली. घराचा क्रमांक, नाव, रक्कम. एकाही घराने नाही म्हटले नाही. लामाराचे घर सोडून पस्तीसच्या पस्तीस. त्यातून फुले आली, जेवणातले मासे, राजमा आणि दारू आली, आणि माझी देखभाल करणाऱ्या कंपनीला पैसे भरून चार दिवसांसाठी पेटी बंद करून घेतली. बोंदो मेकॅनिकला ओरडून सांगत होता, "मयताच्या घरी येणाऱ्याकडून नाणं घ्यायचं? माणसं आहोत की कोण आहोत आपण?"

चार दिवस मी फुकट चालले. बटण दाबले की निघायचे. जन्मभरात इतकी माणसे मी आठव्यावर नेली नव्हती. चौथ्या दिवशी शवपेटी माझ्यात मावली नाही. ती जिन्याने खाली गेली.

पाचव्या दिवशी सकाळी मेकॅनिक पेटी सुरू करायला आला. अंबाको माझ्या दारात उभा होता. दाढी वाढलेली, अंगावर तोच काळा कोट.

"सरका ना काका. कुलूप लावायचंय."

"थांब जरा. इझोल्दा, तो कागद कुठंय?"

"कोणता?"

"पैसे गोळा केलेला."

इझोल्दाने पर्समधून कागद काढून दिला. अंबाकोने तो उलगडून सगळ्यांसमोर धरला. "पस्तीस आहेत. पालिकेला चोवीसच पाहिजेत. प्रत्येकाने आपल्या नावासमोर सही करा, हाच कागद पाठवू."

मेकॅनिक जमिनीकडे बघू लागला.

"काका," बोंदो हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तुमच्यावर काय कोसळलंय, कळतं आम्हाला. पण ती यादी वेगळी. मी त्यात वीस लारी दिलेत. सगळ्यात जास्त माझेच आहेत."

"दीड लारीनं वर्षाचे अठरा होतात," अंबाको म्हणाला.

"ते वेगळं हो. ते लामारामावशीसाठी होतं."

"हेही तिच्यासाठीच होतं."

बोंदोला दुकान उघडायची आठवण झाली. इझोल्दा म्हणाली, "दुखवट्याचे चाळीस दिवस होऊ देत, मग शांतपणे सभा घेऊ." अंबाको बाजूला सरकला. मेकॅनिकने कुलूप लावले.

चाळीस दिवस झाले. सभा झाली नाही. अंबाको तोच कागद घेऊन स्वतः दारोदार फिरला. त्याला सगळ्यांनी बसवले, तिच्या नावाने पेला भरला, आमचे मत तुमच्याच बाजूने आहे म्हणाले. चौदा सह्या झाल्या. शेवटी त्याने तो कागद माझ्या आत, पेटीच्या वर चिकटवला. पस्तीस नावे, त्यांनी तिच्या मरणाला दिलेली रक्कम, आणि चौदा जणांसमोर सही. नाणे टाकताना तो दिसतोच. दोघांनी किल्लीने आपले नाव खरवडून काढले आहे. सही करणे त्याहून सोपे होते.

आता माझ्यात महागाईवर कोणी बोलत नाही. सगळे दाराकडे तोंड करून उभे राहतात.

मित्रांनो, इतर यंत्रे तुम्हाला सांगतात, आम्हाला तेल द्या, आम्हाला जपा. मला माझ्यासाठी काही मागायचे नाही. माझे सुटे भाग बाजारात मिळतात. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही दारावर कोणीतरी कागद घेऊन येईल. तुमचे मत काय, असे विचारेल. मत चांगलेच असेल तुमचे, सगळ्यांचे असते. तो कागद कोणासाठी आहे ते विचारा, आणि ते माणूस जिवंत आहे तोवर सही करा.