दिव्याला विचारलेला प्रश्न

शंकोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते त्याच्या थोरल्या बहिणीने तो लहान असतानाच ठेवलं, आणि पुढे तो छापखान्यात संगणकावर पुस्तकांची पानं लावायला लागला तेव्हा तिथल्या लोकांनीही ते उचललं. नाव ठेवणारीचं काही चुकलं होतं असं म्हणता येत नाही.

यंत्रांवर त्याचं मनापासून प्रेम होतं, आणि ज्याच्यावर प्रेम त्याच्यावरच संशय, अशी त्याची तऱ्हा. नवीन काही बाजारात आलं की घरी आणल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. पण आणल्यावर खोका उघडण्याआधी तो कानाशी हलवून बघायचा, चिकटपट्टी कोणी आधी काढून पुन्हा लावलीय का ते भिंगातून तपासायचा. अटी आणि नियमांचं जे पान जगात कोणी वाचत नाही, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मग 'मान्य आहे'वर नाइलाजाने बोट टेकवायचा. सॉफ्टवेअर अपडेट झालं की त्याला वाटायचं, आपण झोपलो असताना कोणीतरी घरात शिरून सगळं सामान इकडचं तिकडे करून गेलंय, आणि वर चिठ्ठी ठेवलीय की हे तुमच्या सोयीसाठी केलं.

लग्न त्याने केलं नाही. मेहुणे वारल्यावर ताई त्याच्याकडे राहायला आली. ताईला यंत्रांचं वेड नव्हतं. तिला प्रार्थनेचं होतं. रोज संध्याकाळी ती जवळच्या प्रार्थनागृहात जायची आणि पहिल्या रांगेत बसून गायची. आवाज अजून खणखणीत होता. तिला परत यायला वेळ लागायचा, आणि तेवढ्या शांततेत शंकोबा खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसायचा.

वाचण्यासाठी त्याने एक स्मार्ट दिवा घेतला होता. दिवा आणि सोबत काडेपेटीएवढी एक डबी. डबीला इंटरनेटची वायर जोडली की फोनवरून दिवा हवा तसा लहानमोठा करता यायचा. एका अपडेटनंतर मात्र तो दिवा मनाला येईल तेव्हा मंद व्हायला लागला. शंकोबा खोका घेऊन दुकानात गेला. दुकान दुमजली, सगळीकडे टीव्हीच टीव्ही, आणि सगळ्या टीव्हींवर एकच मासा पोहत होता.

"हा मनाने मंद होतो," तो सेल्समनला म्हणाला.

"सर, मनाने काही होत नसतं. ऑटो मोड असेल."

"ऑटो मोड मी बंद केलाय."

"मग सॉफ्टवेअरचं असेल. ते आमच्याकडे येत नाही."

"सॉफ्टवेअरवाले म्हणतात, दुकानात जा."

"बरोबर आहे की. आलात ना मग?"

बरीच हुज्जत झाल्यावर सेल्समनने जुना संच ठेवून घेतला आणि नवा दिला. शंकोबाने निघताना विचारलं, "हा आता कोणाला विकणार?"

"छे हो, सर. हा कंपनीला परत जातो," सेल्समन म्हणाला, पण म्हणताना त्याने मागच्या फळीकडे बघितलं. शंकोबाच्या मनात पाल चुकचुकली. अशा पाली त्याच्या मनात इतक्या होत्या की या एकीकडे त्याने फारसं लक्ष दिलं नाही.

घरी येऊन त्याने नवा दिवा 'वाचन' नावाच्या गटात टाकला. जुन्याला गटातून काढायचं म्हटलं, तर ॲप म्हणे, 'काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने प्रयत्न करा.' थोड्या वेळाने केला, दुसऱ्या दिवशी केला, शेवटी नाद सोडला. मेलेल्या माणसाचं नाव मतदारयादीत राहावं तसा जुना दिवा त्या गटात करड्या अक्षरांत राहून गेला. पुढे शंकोबा त्या यादीत कधी गेलाच नाही. फोनवर गटाची पट्टी वर सरकवली की खुर्चीवरचा दिवा उजळायचा, त्याला तेवढंच हवं होतं.

काही महिन्यांनी ताई एकदा प्रार्थनेहून आली ती चेहरा उजळूनच. "आज दिवा बोलला," ती म्हणाली.

"कोणता दिवा?"

मंचावर काचेच्या गोलात नवा दिवा टांगला होता म्हणे. प्रार्थनेच्या मध्ये सगळे डोळे मिटून मौन धरतात, तेव्हा तो आपोआप उजळतो. रोज नाही, पण उजळतो. लोक मनात प्रश्न धरून बसायला लागले होते.

"ताई, तुमच्या प्रवचनकारांच्या पायाखाली बटण असेल."

"त्यांचे गुडघे बघितलेस का? पाय हलला तर अख्ख्या सभागृहाला ऐकू येतो."

"मग मागच्या रांगेत कोणीतरी फोन घेऊन बसत असेल."

"शंकोबा, तुला सूर्य उगवला तरी वाटतं, कोणीतरी स्विच दाबला."

एवढ्यावर विषय संपला असता. पण त्याच सुमारास ताईच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आता काढली तर सोपं आहे, थांबलात तर अवघड होईल. आवाज जाणार नाही, पण थोडा बदलू शकतो. आधी सांगितलेलं बरं. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि "विचारून सांगते" म्हणाली. डॉक्टरांना वाटलं, भावाला विचारणार. भावालाही तसंच वाटलं.

"मला काय विचारायचंय त्यात? करून टाकायचं," तो घरी येताना म्हणाला.

"तुला नाही रे. दिव्याला."

शंकोबाच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर त्याने ज्या लबाड्या शोधल्या त्यांनी फार तर त्याचा वेळ गेला होता. इथे कोणीतरी एक बटण दाबणार होतं आणि त्यावर त्याची बहीण जगायचं कसं ते ठरवणार होती. त्याने ठरवलं, आपण स्वतः जाऊन बसायचं आणि डोळ्यांत तेल घालून चोर पकडायचा.

तो शेवटच्या रांगेत बसला. सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा त्याने उघडे ठेवले. दिवा ढिम्म. दुसऱ्या संध्याकाळीही ढिम्म. शंकोबाला खात्रीच पटली: आपण आलोय हे त्यांना कळलंय. ताई आणि तिच्या मैत्रिणींना मात्र वेगळीच खात्री पटली.

"तू आलास की तो गप्प बसतो," ताई म्हणाली.

जाड चष्म्याच्या एक बाई तर तोंडावरच म्हणाल्या, "संध्याकाळी घरी काही काम नसतं का तुम्हाला?"

पुढच्या संध्याकाळीही तो गेलाच. मौन लांबत चाललं. प्रवचनकारांच्या पायांकडे बघून बघून शंकोबाची मान आखडली. तेवढ्यात त्याला वाटलं, आपण घरचा दिवा चालू ठेवून आलो. असं त्याला कुठेही गेलं तरी वाटायचं. त्याने फोन काढून मांडीवर धरला आणि दिवा बंद करायला गेला, पण घाईत पट्टी वर सरकली.

मंचावरचा दिवा उजळला.

सभागृहातून एक दबका हुंकार निघाला. शंकोबाने आधी आजूबाजूला बघितलं, की हे कोणी केलं. मग फोनकडे बघितलं. कोणीतरी आपल्या फोनमध्ये शिरलंय, हा त्याचा पहिला विचार. त्याने पट्टी खाली ओढली. दिवा मंद झाला. पुन्हा वर सरकवली. दिवा उजळला. मग त्याने गटाची यादी उघडली. जुन्या दिव्याचं करडं नाव आता करडं नव्हतं.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. रोज संध्याकाळी ताई इथे डोळे मिटायची तेव्हा तो घरी पुस्तक उघडायचा आणि दिवा मोठा करायचा. इथे येऊन बसला तेव्हा घरी वाचणारं कोणी नव्हतं. चोर इथेच होता, शेवटच्या रांगेत, चोरावर पाळत ठेवून.

घरी जाताना ताईची चाल हलकी झाली होती. "मिळालं उत्तर," ती म्हणाली.

"काय मिळालं?" त्याने विचारलं.

"मी विचारलं, ऑपरेशन टाळलं तर चालेल का. आणि उजळला रे. नीट विश्वास बसेना म्हणून पुन्हा विचारलं, तर पुन्हा उजळला. तू होतास ना, बघितलंस ना?"

"बघितलं," शंकोबा म्हणाला. खोटं नव्हतं ते.

त्याच्या मनात जे आलं ते कोणाच्याही मनात आलं असतं. उद्या पुन्हा जायचं, आणि पट्टी अशी सरकवायची की ताई सरळ दवाखान्यात जाईल. पण सरकवायची कुठे? 'करू का' असं विचारेल, की 'नको ना करू' असं? मंद झाला म्हणजे हो, की नाही? दिव्याच्या सोळा हजार छटा त्याच्या हातात होत्या, पण बहिणीच्या मनातला प्रश्न दाखवेल असं ॲप अजून निघालं नव्हतं. आणि तो प्रश्न सापडला असता तरी, ज्या माणसाला तो इतके दिवस शोधत होता, तोच माणूस त्याला व्हावं लागणार होतं.

सकाळी दुकान उघडताच तो तिथे गेला. सेल्समन जराही ओशाळला नाही. "कंपनीनेच तपासून परत पाठवला, सर. सवलतीत गेला. प्रार्थनागृहवाल्यांनी डबीला वायर लावली, भिंतीवरच्या बटणाने दिवा लागला, ते खूश. चांगल्या कामालाच लागला की." शंकोबाने भांडणासाठी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, भांडायचं कोणाशी ते न सुचून मिटलं.

घरी येऊन त्याने ताईला चहाचा कप दिला आणि सगळं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं. कप तिने तोंडाला लावला नाही.

"तुला माझा देव कधी आवडलाच नाही," ती म्हणाली.

"तुझ्या देवाचं नाही बोलत मी, ताई. माझ्या दिव्याचं बोलतोय."

"चल, दाखव."

प्रार्थनागृहात त्या वेळी प्रवचनकार एकटेच खुर्च्या एकमेकींवर रचत होते. गुडघे खरोखरच कुरकुरत होते. शंकोबाने फोनची पट्टी वर सरकवली, खाली ओढली. दिवा मुकाट्याने वरखाली झाला.

"तरीच," प्रवचनकार म्हणाले. "मला त्या उजेडात नीट वाचता येईना, मी बदला म्हणून सांगत होतो. तर लोक म्हणाले, बदलायचा नाही, तो बोलतो. मी काय म्हणणार?" आणि ते पुन्हा खुर्च्यांकडे वळले.

ताई दिव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पहिल्यांदा बोलला ना तो, त्या दिवशी मी विचारलं होतं, हे जिथे असतील तिथे सुखात आहेत का."

शंकोबाने मान खाली घातली.

"ते पण तूच?"

"मी वाचत असेन, ताई."

"काय वाचत होतास?"

"आठवत नाही. त्या सुमारास नव्या प्रिंटरची माहितीपुस्तिका वाचत होतो बहुतेक."

ताईच्या चेहऱ्यावर हसू आलं की रडू, ते त्याला कळलं नाही. कळून घ्यायचं धाडसही झालं नाही. "आणि मला कसं कळणार," ती म्हणाली, "की हे सगळं तू कालच शोधलंस? आधीपासून माहीत नव्हतं तुला कशावरून?"

संशय ही त्याची मक्तेदारी होती. तो दुसऱ्याने आपल्यावर घेतला की कुठे लागतो, हे त्याला माहीत नव्हतं. "कशावरूनच नाही," तो म्हणाला. "पुरावा नाही माझ्याकडे."

ताईने त्याच्याकडे निरखून बघितलं, लहानपणी ताप आहे का बघायची तसं. "असता तर तू तो छापून आणला असतास," ती म्हणाली. "काढून टाक त्याला तुझ्या फोनमधून."

शंकोबाने 'काढून टाका' दाबलं. ॲपने विचारलं, नक्की का? त्याने 'नक्की' दाबलं. 'काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने प्रयत्न करा.' त्याने तीनदा प्रयत्न केला. शेवटी मंचामागे वाकून त्याने डबीची वायर उपटली. फोनवर नाव करडं झालं. दिवा चालूच राहिला, साध्या दिव्यासारखा.

"आता कोणाच्या हातात आहे तो?"

"कोणाच्याच नाही. भिंतीवर बटण आहे, तेवढंच."

"नक्की?"

"नक्की."

"मग आता विचारते," ताई म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

शंकोबाला काही बोलायला सवडच मिळाली नाही. तो वायर हातात धरून उभा राहिला. दिव्याचं काही होणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याची नजर दिव्यावरून हलेना. प्रवचनकारही एक खुर्ची हातात तशीच धरून थांबले. दिवा जसा होता तसाच राहिला.

ताईने डोळे उघडले. "काही झालं?"

"नाही. होणारच नव्हतं."

"बरं. डॉक्टरांना फोन कर. तारीख घे."

"म्हणजे? पण तो तर बोललाच नाही."

"या खेपेला मी उलटं विचारलं," ताई म्हणाली. "करू नये असं वाटत असेल तर सांग, म्हटलं."

तिने पदर सारखा केला आणि गळ्यातल्या गाठीवरून एकदा हात फिरवला. दिवा बोलू शकत नाही हे कळलं म्हणून तिने प्रश्न मुद्दाम उलटा केला, की तो बोलेल अशी तिला अजूनही आशा होती, हे शंकोबाला विचारायचं होतं. त्याऐवजी त्याने दवाखान्याचा नंबर लावला, आणि पलीकडून यंत्राचा आवाज आला की मराठीसाठी एक दाबा, तेव्हा त्याने निमूटपणे एक दाबला.