बारीक पोटाची टाकी

रेल्वेचा तपासनीस मागच्या रुळांवर गेला तो एक पाटी टांगायला. पाटीवर ठिबकणारे थेंब आणि खाली त्या थेंबांनी खाल्लेला हात, असं चित्र होतं. ती त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होती, हातोडी, पक्कड आणि तारेच्या वेटोळ्यासोबत. ऊन मी म्हणत होतं. कारखान्याच्या भिंतीलगत उभ्या केलेल्या मालगाडीच्या वाघिणींचा आडोसा ओलांडला आणि त्याला स्वतःचा मेहुणा दिसला. तो गुडघ्यांवर होता. नाक एका बाजूला सरकलेलं. एक दांडगा माणूस त्याचे केस धरून त्याचं डोकं चाकावर आपटत होता. रागानं नाही, खिळा ठोकावा तसं.

"आले बघा," सावलीत बसलेला म्होरक्या म्हणाला; त्याला सगळे दाढीच म्हणायचे. "आमच्या माणसाचे भावोजी म्हणजे आमचेही भावोजी. या, संकोच करू नका."

उभ्या टाक्यांमधून स्पिरिट उपसून विकणं हा दाढीचा धंदा. मेहुणा त्याच्याकडे कामाला होता. मागच्या खेपेला त्यानं दाखवलेल्या टाकीतून निघाली मळी. काळी, चिकट. पंप गेला, पिंपं गेली. मेहुण्यानं हे मुद्दाम केलं, असं दाढीनं मनाशी धरलं होतं. मार चुकवायला मेहुण्यानं घरातलं नाव पुढे केलं होतं: माझे भावोजी वाघीण नुसती बघून आत काय आहे ते सांगतात.

"त्याला सोडा," तपासनीस म्हणाला. "काय पाहिजे ते मी सांगतो."

"सांगणारे पुष्कळ भेटतात. आधी परीक्षा." दाढीनं हनुवटीनं एक वाघीण दाखवली. तिचे दोन्ही शेवट उंच आणि मधला भाग रुळांना टेकेल इतका खाली होता. "हिची कंबर का मोडलीय?"

"उंच यंत्रं न्यायला. विजेचे ट्रान्सफॉर्मर वगैरे. मधे खाली बसवले की पुलाखालून जातात."

"आणि तो सिगार?"

पुढच्या रुळावर जाडजूड, दोन्हीकडे निमुळती होत गेलेली, गंजलेली वाघीण होती. वरच्या अंगाला एकच तोंड.

"त्यातून वितळलेलं लोखंड नेतात. आतून विटांचं अस्तर असतं. आत्ताच ओतून आलीय. हात लावू नका, भाजेल."

"खरं का?" दाढीनं मान हलवली.

दांडग्यानं आणि दुसऱ्या एकानं मेहुण्याला उचललं. तो पाय झाडत होता. त्यांनी त्याचा उजवा तळवा पत्र्यावर दाबला आणि दाबून धरला. चर्र आवाज झाला, मग मेहुण्याच्या किंकाळीत तो ऐकू येईनासा झाला. हात सोडवला तेव्हा कातडीचा एक तुकडा पत्र्यावरच राहिला आणि कडेनं वळत काळा पडला.

"खरं बोलतात भावोजी," दाढी म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. "आता कामाचं. ही?"

ती टाकी तपासनिसानं येतानाच पाहिली होती. सांगाडा लांबलचक आणि वर टाकी मात्र बारीक पोटाची, थोरल्याच्या सदऱ्यात धाकटा असावा तशी. एवढ्याशा टाकीखाली स्प्रिंगा पार चेपलेल्या. म्हणजे आतला द्रव पाण्यापेक्षा पुष्कळ जड. खाली तोटी नाही. गळायला जागाच ठेवायची नाही म्हणून. वरून हवा भरायची आणि दाबानं माल नळातून बाहेर काढायचा. ॲसिड. पाटीचा हूक रिकामा होता, कारण धुणाऱ्यांनी पाटी काढली ती परत लावलीच नाही. तीच टांगायला तो आला होता. दोन्ही टोकांच्या स्प्रिंगा बघता टाकी भरलेली, आणि उन्हात दाब चढलेला.

सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याची नजर मेहुण्याच्या तळव्यावर गेली. जे खरं म्हणून सांगू ते त्याच्या अंगावर तपासलं जाणार.

जेवताना मेहुणा दाढीच्या गोष्टी हसत हसत सांगायचा. त्यातली एक तपासनिसाला आठवली. एका भागीदारानं स्पिरिट परस्पर विकून दाढीच्या पिंपात पाणी भरलं होतं. तेव्हापासून चांगल्या मालाची पहिली धार दाढी कुणाला धरू देत नाही. स्वतः वास घेतो, बोट चाटतो, मगच पिंपं लागतात.

"स्पिरिट," तपासनीस म्हणाला. "उत्तम. औषधवाल्यांचं."

"टाकी एवढीशी?"

"माल महाग. बेतानंच पाठवतात."

"खाली तोटी कशी नाही?"

"तुमच्यामुळेच."

दाढी खो खो हसला. मेहुण्यानं मान वर केली. बारीक पोटाच्या टाक्यांबद्दल भावोजींनी त्याच ताटावर कितीदा तरी सांगितलं होतं. तो भावोजींकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली.

"पहिली धार माझी," म्हणत दाढी बादली घेऊन शिडी चढला. वरून ओरडला, "कोणती चकती फिरवू?"

"जाड नळाची. याला जरा सावलीत घेतो." मेहुण्याची कॉलर धरून तपासनीस वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकला.

दाढीनं वास घ्यायला तोंड पुढे केलं आणि चकती फिरवली.

धार तेलासारखी दाट होती. ती थेट त्याच्या उघड्या तोंडात आणि डोळ्यांवर बसली, त्यामुळे आधी आवाजच निघाला नाही. आवाज आला तो खडीवर पडल्यावर, आणि तो माणसाचा वाटत नव्हता. पाय गुडघ्यात उलटा वळला होता. सदरा काळा पडत गेला आणि ओढल्यावर कातडीसकट हातात आला. ओढणाऱ्या दांडग्याचे पंजे धुमसू लागले. ते अंगापासून लांब धरून तो धावत सुटला. दुसरा केव्हाच भिंतीपलीकडे गेला होता.

मेहुणा मात्र नळाकडे धावला. भाजलेल्या हातानं पाइप ओढत आणून त्यानं दाढीच्या तोंडावर पाणी सोडलं. जिथे पाणी पडलं तिथून वाफा आल्या. "भावोजी, डोळे! याचे डोळे गेले हो!"

तपासनीस टाकीच्या दुसऱ्या टोकाला होता. त्यानं पिशवीतून पाटी काढून हुकाला अडकवली, तार पकडीनं पिळली आणि मागे सरून पाटी सरळ आहे ना ते पाहिलं.

"ती पाटी..." मेहुणा म्हणाला.

"आधीपासून होती."

दाढीचं हलणं कमी होत होतं. मेहुण्यानं त्याच्याकडे पाहिलं, स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं.

"होती," तो म्हणाला आणि पाणी घालत राहिला.

पोलिसांना दोघांनी तेच सांगितलं. तारेचा पीळ नवाकोरा चकाकत होता, पण तार कोण बघतो? दाढी दवाखान्याच्या वाटेतच गेला.

घरी बायको भावाच्या तळव्याला मलम लावत होती. नवरा भिंतीकडे तोंड करून हात धूत होता. बराच वेळ धूत होता.

"एवढं चित्र समोर लटकतंय आणि तो वर चढलाच कसा?" तिनं विचारलं.

"त्याला ती पाटी खोटी वाटली, ताई."

"मग यांना विचारायचं की त्यानं," ती पट्टी गुंडाळत म्हणाली. "हे नुसतं बघून सांगतात."