भिंतीआडची बबाई

नणंदेच्या लग्नाच्या सकाळी सासऱ्यांनी बबाईचा दांडा धरून ओढला आणि तो नुसताच हातात आला. खाली कंद नव्हता, काळा लगदा होता. मी खड्ड्याच्या काठावरून वाकून पाहत होते.

बबाई म्हणजे आमचा अळू, जमिनीखालचं गोडं पाणी लागेपर्यंत खणलेल्या खड्ड्यात वाढणारा. माझी नणंद तेरामिरा जन्मली तेव्हाच सासऱ्यांनी हा कंद तिच्या लग्नासाठी लावला होता. आज तो मानेआबात, गावाच्या मोठ्या छपराखाली, वऱ्हाडापुढे ठेवायचा होता. तो नाही तर पोरीची पाठवणी रिकाम्या हाताने. आमच्याएवढा कंद बेटावर कुणाचा होत नसे, आणि ते सासऱ्यांच्या खतामुळे, असं सासरेच सांगत. कुठल्या पानांचं खत, ते पोटच्या पोरालाही ठाऊक नव्हतं. शेजारचा नाकिबाए डोकावतो, या संशयाने त्यांनी खड्ड्याभोवती भिंत घातली. दगड उपसले मागच्या बांधाचे. समुद्र आणि खड्डा यांच्यामध्ये तेवढा एकच आडोसा होता. पुढे पानं पिवळी पडली. काहीतरी बिघडलंय, मी म्हटलं. नजर लागलीय, ते म्हणाले, आणि आणखी दगड काढून भिंत उंच केली. या माणसाच्या हट्टाला औषध नाही.

मी खाली उतरून पाणी बोटाने चाखलं. खारट.

गलका ऐकून नाकिबाए आला. लगदा पाहून तोही हबकला. मग म्हणाला, माझा कंद न्या, लहान आहे पण धड आहे. सासरे उसळले. "त्याला माझं खत कुठंय? नीरफणसाची वाळकी पानं आणि पिवळ्या फुलांच्या चिकण्याचा पाला घालतोस तू?"

इतकी वर्षं जपलेलं गुपित असं रागात बाहेर पडलं.

"तेच घालतो, दादा," नाकिबाए म्हणाला. "सगळं गाव तेच घालतं."

"मग माझाच कंद मोठा का व्हायचा?"

नाकिबाएने उघड्या पडलेल्या किनाऱ्याकडे बोट केलं. "तुमच्या मागचा बांध सगळ्यांत रुंद होता. तो खारं पाणी अडवायचा."

सासरे चिखलातच मटकन बसले. शेवटी नाकिबाएनेच आपला कंद उपसून आमच्या हातात दिला.

मानेआबात कंद कुणाच्या खड्ड्यातला, ते घरच्या वडीलधाऱ्याने उभं राहून सांगायचं असतं. वऱ्हाडापुढे सासरे उठले. तेरामिरा हसत त्यांच्याकडे बघत होती.

"नाकिबाएच्या," ते म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्या नखांत तो काळा लगदा अजून तसाच होता.