सत्तावीस, हजर

आमच्या दहावीच्या वर्गाचा ग्रुप आहे आणि त्यावर रोज सकाळी हजेरी होते. थट्टा नाही, खरंच होते. मॉनिटर उगवत्या सूर्याचं चित्र टाकून खाली "हजेरी" असं लिहितो आणि पासष्टी गाठलेली माणसं आपापला शाळेतला क्रमांक लिहितात. नऊपर्यंत ज्याचा क्रमांक आला नाही, त्याला मॉनिटरचा फोन जातो. शाळेत तो मॉनिटर होता, मग विमा कंपनीत अधिकारी झाला, मग निवृत्त झाला आणि आता पुन्हा मॉनिटर झाला. मधली चाळीस वर्षं त्याने नुसती कळ काढली असावी.

लोक म्हणतात, किती छान कल्पना! एकटी राहणारी माणसं आहेत, कुणी पडलं-झडलं तर कळायला नको का? कळायला हवं, मान्य. पण कळल्यावर हे लोक काय करतात ते मी पाहिलंय. कुणी आजारी पडलं की दहा-बारा जण मिळून धीर द्यायला जातात. पलंगाभोवती उभे राहतात, आजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतात, हसतात, फोटो काढतात. फोटो ग्रुपवर पडतो आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मग धीर देऊन दमलेली मंडळी कुठेतरी जेवायला जातात आणि त्या जेवणाचाही फोटो पडतो. मला किळस येते. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

त्या फोटोंत मला आणखी एक गोष्ट दिसते. मी कवळ्या बनवते. दवाखान्यांतून मापं येतात, मी प्लास्टर ओतते, मेणात दात लावते, घासूनपुसून चकाकी आणते. त्यामुळे वर्गातल्या निम्म्या लोकांचं हसू माझ्या टेबलावर तयार झालंय. खुद्द मॉनिटरचं तर वरचं आणि खालचं, दोन्ही. बायकोला माहीत नाही, असं त्याला वाटतं. मी कधी कुणाला बोलले नाही, धंद्याचा धर्म असतो. पण परक्याच्या पलंगाशी उभे राहून माझेच दात माझ्याकडे बघून हसायला लागले, की वाटतं, थोडे टोचतील असे करायला हवे होते.

माझं ग्रुपवरचं नाव करवत. शाळेपासूनचं आहे आणि मी ते मिळवलेलं आहे. क्रमांक अठ्ठावीस. सत्तावीस म्हणजे माझ्या बाकावरची टकळी. तिची टकळी प्रार्थनेच्या आधी सुरू व्हायची ती शाळा सुटेपर्यंत चालायची. पुढे तिने बोलण्याचाच पगार घेतला. मोठ्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायला लागली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे हे ती असं सांगायची, की चुकीच्या गाडीत बसलेला माणूससुद्धा समाधानाने खाली उतरे. नवरा गेला, नोकरी संपली, तरी आवाज तसाच राहिला. ग्रुपवर सगळे क्रमांक लिहायचे आणि ही बाई बोलून पाठवायची. "सत्तावीस, हजर!" असं खणखणीत.

गेल्या वर्षी तिच्या वरच्या जबड्यात गाठ निघाली. वाईट निघाली. अर्धा वरचा जबडा काढावा लागला आणि तोंडातून थेट नाकात जाणारं भोक राहिलं. अशा माणसासाठी कवळीलाच जोडलेलं एक झाकण करतात. डॉक्टर त्याचं लांबलचक नाव घेतात, आम्ही कामवाले त्याला बूच म्हणतो. ऑपरेशनच्या वेळी बसवलेलं तिचं तात्पुरतं बूच जखम आक्रसली तसं सैल झालं. पाणी प्यायलं की नाकातून यायचं. बोलली की अर्धा वारा नाकातून जायचा आणि शब्दांचा नुसता फुसफुसाट व्हायचा. तिचं बोलणं कळायचं ते फक्त तिच्या सुनेला आणि मला. माझा जन्मच बिनदातांचं बोलणं ऐकण्यात गेला आहे.

नवीन, कायमचं बूच माझ्याच टेबलावर होतं. ती मला म्हणाली, "ते बसेपर्यंत कुणाला सांगू नकोस. मला असं कुणी बघायला नको. असं कुणी ऐकायला तर मुळीच नको." आणि आपला फोन माझ्या हातात ठेवला. रोज कुणी ना कुणी तिला विचारायचं, टकळी, हल्ली आवाज का नाही? ते वाचून ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

"तूच लाव माझी हजेरी," ती म्हणाली. "शाळेत मी तुझी कितीदा लावली आहे."

तर मी रोज सकाळी दोन फोन घेऊन बसायचे. एकावरून सत्तावीस, दुसऱ्यावरून अठ्ठावीस. कुणी विचारलं तर तिच्या फोनवरून "घसा बसलाय" असं लिहायचे. आणि एका सकाळी घाईघाईने प्लास्टर कालवताना, बोटं भरलेली असताना, चुकीचा फोन उचलला आणि माझ्याच नावाने सत्तावीस लिहून मोकळी झाले. लगेच पुसलं. पण मॉनिटर फोनवर डोळे लावूनच बसलेला असतो, त्याला दुसरं काम काय आहे?

त्याचा फोन आला. "करवत, सत्तावीस तुझा नव्हे."

"चुकून झालं."

"शाळेतही तुमच्या दोघींचं चुकूनच व्हायचं. टकळीला काय झालंय?"

"काही नाही. घसा बसलाय."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. टकळीच्या मुलाचा विमा त्यानेच उतरवला होता, म्हणजे मुलाचा नंबर त्याच्याकडे होता. मुलगा भोळा सांब. आईचे वर्गमित्र विचारतात म्हटल्यावर त्याला भरून आलं आणि त्याने जबड्यापासून बुचापर्यंत सगळं सांगून टाकलं.

बूच सोमवारी दवाखान्यात बसवायचं होतं. रविवारी दुपारी सुनेचा फोन आला. "मावशी, लवकर या. घरभर माणसं आहेत. मी एकटी काय काय आवरू?"

मी पोचले तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. खोलीत अत्तर, घाम आणि औषध यांचा मिळून एक वास भरला होता. टकळी पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि तिने तोंडावर पंचा धरला होता. तिच्या दोन्ही बाजूंना दोन बायका गळ्यात हात टाकून बसल्या होत्या, त्यांतली एक कोकिळा. ही दर स्नेहसंमेलनात गाते आणि कुणी थांबवत नाही. मॉनिटर पलंगाच्या पायथ्याशी फोन उभा धरून होता. मागे सात-आठ जण दाटीवाटीने, प्रत्येकाची मान फोटोत यावी म्हणून वाकडी.

"आली बघ करवत!" मॉनिटर म्हणाला. "एवढं मोठं दुखणं आणि तू लपवतेस? आम्ही काय परके आहोत?"

"तिला त्रास होतोय. सगळे बाहेर चला," मी म्हणाले.

"होतोय कसला? आनंद झालाय तिला. डोळ्यांत पाणी बघ."

त्यांनी केक आणला होता. वर पांढरी मलई आणि मलईवर 'आपली टकळी' असं लिहिलेलं. कोकिळेने चमचाभर उचलला. मी "अगं, नको" म्हणेपर्यंत तिने टकळीचा पंचा लाडाने बाजूला ओढून चमचा तोंडात घातलासुद्धा. "मऊ आहे गं, आपोआप उतरेल," म्हणाली.

टकळीने गिळण्याचा प्रयत्न केला. मग मलई तिच्या नाकातून खाली आली. आधी थोडी, मग ठसका लागला तशी भसकन, ओठांवरून हनुवटीवर. एक शिंतोडा कोकिळेच्या साडीवर उडाला. कोकिळा गळ्यातला हात काढून ताडकन उठली आणि रुमाल काढला. मला वाटलं टकळीचं तोंड पुसते आहे. तिने आपली साडी पुसली, मग तोच रुमाल नाकाला लावला. मागच्यांपैकी एक जण "अरेरे" म्हणाला आणि खिडकीकडे वळला. कुणीतरी दाराकडे सरकलं. आणि मॉनिटरचा फोन तसाच उभा, त्याचा लाल ठिपका तसाच लागलेला.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. करवत हे नाव उगीच पडलेलं नाही. सुनेने सासूचं तोंड धुतलं. टकळी रडली नाही. तिने पंचा पुन्हा तोंडावर धरला आणि डोळे मिटून घेतले.

घरी येते तर ग्रुपवर व्हिडिओ. मॉनिटरला व्हिडिओ कापता येत नाही, त्यामुळे अख्खा. मलईसकट, रुमालासकट. वर लिहिलेलं, 'आपली टकळी झुंजते आहे. वर्ग तिच्या पाठीशी.' खाली जोडलेले हात, फुलं, आणि परदेशातून कुणाचं तरी 'मिस यू ऑल'. मला उमाळे येत होते, उलटीचे.

मी मॉनिटरला फोन केला. "काढून टाक ते. आत्ता."

"अगं, एवढ्या जणांनी हात जोडलेत, आता काढू कसं? लोकांच्या भावना आहेत."

"आणि तिच्या?"

"तिलाच तर धीर मिळतोय. तू ना, पहिल्यापासून नकारात्मक."

सोमवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बूच बसवलं. एक कड किंचित लागत होती, ती मी तिथेच घासून दिली. टकळी आधी पाणी प्यायली. नाकाला बोट लावून बघितलं, कोरडं. मग तिने तोंड उघडलं आणि पहिलंच वाक्य बोलली, जरा जड, पण स्वच्छ. "उचलली जीभ लावली टाळ्याला. आता लावायला टाळूची सोय तरी झाली." डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसताच येईना, मी खाली बघून हत्यारं गोळा करायला लागले.

रिक्षात तिने हात पुढे केला. "माझा फोन दे."

"कशाला? काही नाही त्यात."

"दे. मुलगा सांगत होता, सगळ्यांनी किती प्रेमाने हात जोडलेत म्हणून."

तिने व्हिडिओ बघितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा एकदा. मी बाहेर बघत राहिले.

"कोकिळेचा रुमाल बघितलास?" ती म्हणाली.

"बघितला. आपण दोघी हा ग्रुप सोडू या. मी माझं नाव काढते, तुझंही काढते."

"नको," टकळी म्हणाली. "मी कशाला जाऊ?"

मंगळवारी सकाळी सूर्य उगवला, खाली 'हजेरी' आली. क्रमांक पडू लागले. आणि मधेच टकळीचा आवाज. मी प्लास्टरचा वाडगा खाली ठेवला आणि लावला.

तिने बूच काढून ठेवलं होतं. आधी नाकातून सूं करून वारा. मग फुसफुसत, ओला, कुठूनतरी खालून आल्यासारखा आवाज, "सत्तावीस, हजर." आणि शेवटी पातळ काहीतरी आत ओढून घेतल्याचा आवाज. 

बुधवारी तेच. गुरुवारीही. दिवसभर ती बूच लावून सुनेशी, दूधवाल्याशी, शेजारणीशी आयुष्याचं बोलून घ्यायची. हजेरीच्या वेळी मात्र काढून वाटीत ठेवायची. कोकिळेने लिहिलं, 'टकळी, लिहिलंस तरी चालेल गं, घशाला आराम दे.' टकळीने दुसऱ्या सकाळीही बोलूनच हजेरी दिली. जोडलेले हात आटले. एकाचा फोन बिघडला म्हणून तो ग्रुपमधून गेला. एकीला नातवाची परीक्षा आली. गळ्यात हात टाकून बसलेली ती दुसरी बाई काहीच न सांगता गेली.

मग मॉनिटरचा फोन. "करवत, तू जरा समजाव तिला. सकाळी सकाळी लोक चहा घेत असतात. आमच्याकडे नात घाबरली."

"तिला धीर दे."

"मस्करी नको. ते तू बनवलेलं बसलं नाही का नीट?"

"उत्तम बसलंय."

"मग ते लावून बोलायला काय होतं तिला?"

"तुम्हाला तशी बघायची होती ना? मग तशीच ऐका आता."

तो आवाज मऊ करून म्हणाला, "तसं नाही गं. पण अशाने ग्रुप तुटेल. किती वर्षांनी सगळे जोडले गेलोय." आणि त्याचा आवाज खरोखरच कापला. त्याचं प्रेम खोटं नव्हतं. हेच मला सगळ्यांत घाणेरडं वाटलं.

त्या रात्री मला टकळीचीच काळजी लागून राहिली. हळूहळू सगळे जातील, ही रोज एकटीच रिकाम्या वर्गात हजेरी देत बसेल आणि मग जिंकल्यासारखं वाटेल ते कुणाला?

सकाळी सूर्य उगवला. टकळीचा आवाज आला. मी आरशासमोर उभी राहिले. माझे वरचे सगळे दात माझेच आहेत, म्हणजे मी केलेले. हे आजवर माझ्या घरच्यांखेरीज कुणालाच ठाऊक नाही. टकळीलाही नाही. मी कवळी काढून बेसिनवर ठेवली. वरचा ओठ आत गेला, नाक खाली आलं, आणि समोर माझी आजी उभी राहिली. इतरांच्या अशा तोंडांत मी रोज बोटं घालते, पण स्वतःचं बघून मला शिसारी आली. तरी फोन तोंडाशी धरला आणि बोलले. "अठ्ठावीस, हजर." जे निघालं ते मलाही धड कळलं नाही.

दुसऱ्या मिनिटाला टकळीचा फोन. बूच लावलेलं, खणखणीत, बसस्थानकावर घुमेल असं हसत होती. "अगं, करवतीचे दात पडले की!"

त्या आठवड्यात आणखी एक आवाज आला. आमच्यातली गोगलगाय, जी शाळेत कधी बोलली नाही आणि ग्रुपवर क्रमांकाशिवाय काही लिहीत नाही. "एकेचाळीस, हजर." बोळक्या तोंडाने. मी लगेच ओळखलं, तिची खालची कवळी माझ्याकडचीच. मग एक पुरुष, त्याच्यामागून दुसरा. सगळे नाहीत. गेलेले गेलेच. पण सकाळी आता आमच्या ग्रुपवर जी हजेरी होते ती चहा घेताना ऐकवत नाही.

व्हिडिओ मात्र अजून तिथेच आहे. मॉनिटरने काढलेला नाही. तो स्वतः अजून हजेरी लिहूनच देतो, 'एक', आणि पुढे जोडलेले हात. मी रोज त्याच्या आवाजाची वाट बघते. वरची कवळी त्याला जरा घट्ट बसते. अंगठा आत घालून मागून खाली ओढली की निघते. त्याला शिकवलं आहे मीच.