देवीच्या लुगड्याचं पाणी

रुचीला सकाळपासून चैन नव्हतं. तव्यावर पोळी टाकायची आणि मागच्या दारातून नाला बघून यायचा, असं चाललं होतं. पोळ्या करपल्या त्या करपल्याच. नाला मात्र नेहमीसारखा मातकट, संथ, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आज प्रदूषण मंडळाच्या मॅडम येणार होत्या. धारहून तिरल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रंगाऱ्यांचा हा कारखाना. सुतावर, साड्यांवर रंग चढवायचा, हेच या घराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. कारखाना चालू ठेवायचा तर मंडळाची संमती लागते, आणि तिची मुदत संपत आली होती. त्यातच नाल्याच्या खालच्या अंगाला शेत असलेल्या विक्रमसिंहांनी तक्रार ठोकली होती, की नाल्याला मधूनच लाल पाणी येतं आणि तेच आमच्या मेथीला जातं. मॅडमना सगळं ठीक दिसलं तर संमती, नाहीतर टाळं.

टाळं म्हणजे काय, हे रुचीला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिचं माहेर देवासचं. वडील ज्या रंगाईच्या कारखान्यात कामाला होते त्याला सील लागलं, तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर कितीतरी दिवस वडील सकाळी आंघोळ करून, कामाचे कपडे घालून ओट्यावर येऊन बसायचे. कुठे जायचं नसायचं. त्या बसण्याची तिला अजून भीती वाटे.

म्हणून या घरात आल्यावर तिनेच हौद बांधून घेतले होते. रंगाचं पाणी चुन्याच्या हौदात जायचं, गाळ खाली बसायचा, वरचं पाणी उघड्या टाकीत उन्हाने आटून जायचं. नाल्यात एक थेंब सोडायचा नाही. नवरा धीरज हो ला हो म्हणणारा. प्रश्न होता तो सासऱ्यांचा.

शालिग्रामजींना हे सगळं थोतांड वाटे. जेवताना ते मुद्दाम विषय काढत.

"सूनबाई, नाला कोणाचा?"

"सरकारचा, मामंजी."

"आणि सरकारनं कोणाला दिला? धार संस्थानच्या पवार सरकारांनी आमच्या पूर्वजांना घाट लावून दिला. तेव्हापासूनचा हक्क आहे आपला."

"ते सरकार गेलं, मामंजी. आता बोअरचं पाणी उपसायची परवानगी वेगळी आणि पाणी बाहेर सोडायची वेगळी. जुन्या वहिवाटीवर कोणी रंग सोडू देत नाही."

"सरकार गेलं, पाणी तर तेच आहे ना?" म्हणत ते भाताला हात घालत. वाद जिंकल्यावर त्यांना भूक लागे.

आणि या वर्षी पंचांगाने घोळ घातला होता. नवरात्राआधी मुहूर्त बघून गडावरच्या देवीचं लुगडं रंगवायचं, ही घरची रीत. रसायन चालत नाही, मंजिष्ठेच्या मुळांचाच लाल रंग. मग ते घाटावर वाहत्या पाण्यात धुवायचं. मुहूर्त निघाला तो नेमका मॅडम येणार त्याच दिवशी. रुचीने हात जोडले, "मामंजी, यंदा लुगडं घरीच धुवा." म्हातारा दिवसभर फुगून बसला, पण शेवटी म्हणाला, "बरं. देवीची शपथ, लुगडं नाल्यात नेणार नाही." शपथ मोडणारा माणूस नव्हता तो. रुचीच्या जिवात जीव आला.

धीरज माल पोचवायला इंदूरला गेलेला, म्हणून उर्वशी मॅडमना तिनेच सगळं दाखवलं. त्यांनी हौदात पट्टी बुडवली, टाकीभोवती फिरल्या, नळ्या कुठून कुठे जातात ते विचारलं. बाई कमी बोलणाऱ्या होत्या, पण चेहरा निवळत गेला. "बहुत साफ रखा है आपने," त्या म्हणाल्या. "बस, नाला देख लेते हैं."

नाला लाल होता.

घाटाच्या पायरीपासून लाल पट्टा निघून खालच्या शेतांकडे चालला होता. पायरीवर शालिग्रामजी, हातात रिकामं तांब्याचं घंगाळ.

"मामंजी, तुम्ही शब्द दिला होता."

"मोडला कुठे? लुगडं घंगाळातच धुतलं, ते बघ दोरीवर. पण देवीच्या लुगड्याचं पाणी त्या चुन्याच्या हौदात ओतू? तिथे लोक चपला घालून फिरतात. ते वाहत्या पाण्यातच जायला हवं."

रुचीला रागवायचं होतं, पण राग येईना. तिच्या स्वतःच्या देवघरातलं निर्माल्य खुंटीला पिशवीत लटकलं होतं, नदीवर जाईल त्याच्या हाती द्यायला. कचऱ्यात टाकायचं तिच्याही मनात आलं नसतं.

मॅडमनी बाटलीत पाणी भरून घेतलं आणि जरा थांबून विचारलं, "दादा, आज ही हुआ ना? गलती से?"

रुचीला कळलं, बाई वाट करून देताहेत. ती हलकेच म्हणाली, "मामंजी, आजच झालं म्हणा."

शालिग्रामजींची मान ताठ झाली. हक्काची गोष्ट आणि चूक म्हणायची?

"गलती कैसी, मॅडम? हर साल होता है. मेरे दादा करते थे, उनके दादा करते थे. पवार सरकार के टाइम से एक साल नहीं चूका. विक्रमसिंह को पूछ लो, उसके बाप ने भी देखा है."

"हर साल?"

"हर साल."

मॅडमनी ते शब्दशः लिहून घेतलं. मग रुचीला बाजूला जीपपाशी नेलं. "आपने तो लिखके दिया था, नाले में कभी रंग नहीं छोड़ा."

लिहिलं होतं, आणि खरं मानूनच लिहिलं होतं. देवीचं लुगडं या घरात कोणी रंगात मोजलंच नव्हतं, तिनेही नाही. आता हे कोणाला सांगणार? मॅडमनी बोट ठेवलं तिथे तिने सही केली.

"ऑर्डर आएगा. तब तक काम बंद रखिए," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत असावं, कारण त्यांनी रुचीकडे पाहिलं नाही.

जीप गेली. शालिग्रामजी घंगाळ काखेत मारून आले. इतके खूश ते कित्येक दिवसांत दिसले नव्हते.

"बघितलंस, सूनबाई? सगळं लिहून घेतलं बाईंनी. आजवर कोणी कागदावर घेतलं नव्हतं. आता घाट आपला हे सरकारदरबारी लागलं. संमती कुठे जात नाही."

रुचीने त्यांच्या हातून घंगाळ घेतलं. तळाशी थोडं लाल पाणी राहिलं होतं.

"उद्या कुठल्या रंगाची भट्टी लावायची, धीरजला विचारून ठेव," ते म्हणाले. "मी सकाळीच आंघोळ करून येऊन बसतो."