तुझ्या आईचे पैसे कुठे आहेत?

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्या राहिल्या शिंपीकाकांनी सगळ्यात आधी काय पाहिलं असेल, तर आरोपींच्या वकिलाच्या कोटाची बाही. ती बोटभर लांब होती. काकांच्या कपाळावरची आठी बघून मी ते ओळखलं आणि मला हसू फुटलं.

शेजारी बसलेल्या वहिनींना मात्र हसू आलं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. एका बँकेच्या आमच्याच भागातल्या शाखेत त्या खिडकीवर होत्या. बँक बुडाली तेव्हा मोठे साहेब गाड्यांत बसून निघून गेले आणि गल्लीच्या तावडीत सापडल्या वहिनी. सापडणारच. बँकेच्या अध्यक्षांचं तोंड गल्लीत कुणी पाहिलं होतं? वहिनींचं रोज दिसायचं. वरून फर्मान आलं म्हणून त्यांनीच घरोघरी सांगितलं होतं, ठेवी आमच्याकडे ठेवा. त्या दुकानात शिरल्या की बायकांचं बोलणं बंद पडायला लागलं. शिंपीकाका तर त्यांना बघून मशीनवर मान खाली घालायचे. राहतं घर विकून भाड्याच्या खोलीत गेलेल्या माणसाची सगळी पुंजी त्या बँकेत होती. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं वहिनी म्हणायच्या.

माझं स्वतःचं काही बुडालं नाही. बुडायला आधी काही असावं लागतं.

खटला होता अध्यक्षांवर आणि त्यांच्या उजव्या हातावर, म्हणजे मुख्य व्यवस्थापकांवर. सरकारी वकील बाईंनी एकेक गोष्ट उघडी पाडली होती. आपल्याच कंपन्यांना कर्जं वाटून या दोघांनी बँक पोखरली होती, आणि ती कोसळणार हे कळल्यावर बायकापोरांच्या ठेवी आधी गुपचूप काढून घेतल्या होत्या. आता बचाव एवढाच उरला होता की आम्हाला काय ठाऊक, ठेवी गोळा केल्या त्या शाखेतल्या लोकांनी, स्वतःच्या बढतीसाठी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! वहिनींचं नाव कोर्टात घेऊन झालं होतं. काका आज काय बोलतात, यावर आमच्या घराची अब्रू टांगलेली होती.

"ठेव ठेवायला तुम्हाला अध्यक्षांनी सांगितलं होतं?" आरोपींच्या वकिलांनी विचारलं.

"नाही बुवा. त्यांना आज पहिल्यांदाच बघतोय."

"मग कोणी सांगितलं?"

काकांनी आमच्या बाकाकडे पाहिलं. बँक बुडाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी वहिनींकडे सरळ पाहिलं असेल. "तिनं. ती काय, तिथं बसलीय."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"बस्स, मला आणखी काही विचारायचं नाही," म्हणून वकील वळले.

"अहो, थांबा की! अर्धंच माप घेऊन कुठं निघालात?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना."

"मॅडम, आमच्या गल्लीत माल चांगला आहे का, असं कुणी विचारत नाही. तुम्ही स्वतः घरी काय वापरता, असं विचारतात. मी हिला तेच विचारलं. म्हटलं, पोरी, तुझ्या आईचे पैसे कुठे आहेत? ही म्हणाली, उद्या सांगते काका. दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. म्हणे, कालपर्यंत पोस्टात होते, आज आमच्या बँकेत आणले, आता तुम्हाला सांगायला हरकत नाही." चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "अशी खुळी पोर ही. होडी बुडणार हे माहीत असतं, तर कुणी आपल्या आईला आणून तिच्यात बसवतं का? ज्यांना माहीत होतं त्यांनी घरच्यांना आधीच उतरवून घेतलं. मी आपला राग भलत्याच माणसावर काढत बसलो."

वहिनींच्या आईचे पैसे बुडाले, हे आम्हाला ठाऊक होतं. ते पोस्टातून का हलवले होते, हे वहिनींनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या तोंडावर हात धरून रडत होत्या.

निकाल लागायला पुढे बराच काळ गेला. दोन्ही आरोपींना सक्तमजुरी झाली. खिडकीतल्या माणसाला पुढे करून खुर्चीतल्या माणसाला सुटता येणार नाही, असं न्यायाधीश बाईंनी निकालात स्पष्ट म्हटलं. मी तसा सहजासहजी आभार मानणारा माणूस नव्हे. फुकटचा चहा पिऊन मी त्यालाही नावं ठेवतो, असं भाऊ म्हणतो. पण कुणाच्याही दबावाला न जुमानणाऱ्या न्यायाधीश आणि सरकारी वकील या दोन बायकांचे आणि घर गेलेलं असूनही खरं तेवढंच बोललेल्या शिंपीकाकांचे उपकार मी विसरणार नाही. आमच्या घरात पुन्हा हसणं-भांडणं सुरू झालं ते त्यांच्यामुळे.

वहिनी काकांच्या दुकानात गेल्या. "काका, तुमचे उपकार कसे फेडू..."

"उपकार राहू देत. बँकेचं उरलंसुरलं वाटतायत म्हणे. माझ्या वाट्याला चतकोर आला तरी पुष्कळ. पण तिथले लोक काय बोलतात ते मला कळत नाही. येशील का बरोबर?"

वहिनी गेल्या, आणि त्यांच्या मागून मीही. जन्मभर खिडकीच्या आत बसलेल्या वहिनी आता बाहेरच्या रांगेत उभ्या होत्या. पुढेमागे सगळी आमचीच गल्ली. काकांचा नंबर आला तसा कारकुनानं कागद पुढे सरकवला. काकांनी पेन उघडलं.

"कुठं करू सही?"

"आधी वाचा, काका."

"तू वाचलंस ना? मग झालं."

वहिनींनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि कागद पहिल्या ओळीपासून त्यांना वाचून दाखवायला लागल्या. मधली एक ओळ त्यांनी पुन्हा वाचली. रांग पार दाराबाहेर गेली होती. कुणीही घाई केली नाही.